खापर नाही तर मांडा नाही : खान्देशातल्या एका बचत गटाचे प्रकरण

(हे प्रकरण प्रत्यक्षातले आहे. गाव, गट आणि माणसे ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत.)

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यात, तापीच्या पट्ट्यातल्या एका मोठ्या गावात अकरा जणींचा बचत गट आहे. पापड, कुरडया, मसाला ही कामे सगळ्याच जणी करतात. गटाचे नाव मात्र झाले ते मांड्यांमुळे, म्हणजे खापरावर (उपड्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर) भाजलेल्या मोठ्या, पातळ पुरणपोळ्यांमुळे. लग्नाची पंगत, बारसे, आखाजी, शहरातली खाद्यजत्रा अशा ठिकाणी जागेवर बसून खापरावर मांडे करून द्यायचे आणि नगावर मजुरी घ्यायची, असे हे काम. अकरापैकी मांडा हातावर वाढवता येणाऱ्या चौघी. त्यातल्या तिघी पन्नाशीच्या पुढच्या.

खान्देशात मांडा हा आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा पदार्थ. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी अहिराणीत म्हणतात. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर (खरबूज) आणि आंबा ठेवतात. पानात आमरस, रशी, भात, कुरडई आणि खापरावरची पुरणाची पोळी. या सणात कुंभाराकडून दोन गोष्टी घरात येतात, घागर आणि खापर. घागर दरवर्षी नवी लागते. खापर जपून वापरले तर काही वर्षे जाते. पुढचा गुंता समजायला हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

मांड्याशी जोडलेली एक जुनी कथाही खापराचीच आहे. निवृत्तीनाथांना मांडे खावेसे वाटले, मुक्ताई खापर आणायला कुंभाराकडे गेली, पण विसोबा चाटीने तिला खापर मिळू दिले नाही. मग ज्ञानेश्वरांनी पाठ तापवली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले. त्या मुक्ताईचे जुने मंदिर याच जिल्ह्यात, कोथळीला आहे. पीठ, पुरण, भाजणारी, सगळे असूनही खापरावाचून मांडा अडतो, हे त्या कथेइतकेच आजही खरे आहे.

मांडा कसा होतो

इथे थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण पुढच्या प्रत्येक निर्णयाचे कारण या कृतीत आहे.

गहू निवडून धुतात, निथळतात आणि ओल्या फडक्यात बांधून रात्रभर दडपून ठेवतात. उद्देश गहू भिजवण्याचा नसतो, साल ओलसर करण्याचा असतो. ओलसर साल चिवट होते आणि दळताना तिचे मोठे पापुद्रे सुटतात, आतला पांढरा भाग मात्र बारीक होतो. साल कोरडी असेल तर तिचा भुगा होऊन पिठात मिसळतो आणि मग तो कशानेच वेगळा होत नाही. दळलेले पीठ आधी चाळणीने आणि मग पातळ कापडातून गाळतात. कापडाखाली येते ते सपीट. वर रवा आणि कोंडा राहतो. गव्हाच्या निम्म्याच्या आसपास सपीट निघाले तर काम चांगले झाले असे समजतात.

सपिटात मीठ घालून पाणी थोडेथोडे टाकत पोळीच्या कणकेपेक्षा बरेच सैल मळतात. मग अर्धा-पाऊण तास ती कणीक तिंबायची, उचलून परातीत आपटायची, तेलाचा हात लावून पुन्हा तिंबायची. चिमटीत धरून ओढली की न तुटता तार निघाली पाहिजे. त्यानंतर झाकून निदान तासभर मुरवायची.

पुरण हरभऱ्याच्या डाळीचे. ते कोरडे आणि अगदी मऊ वाटलेले हवे. डाळीचा एक कण राहिला तरी मांडा वाढवताना त्याच ठिकाणी भोक पडते. दोन लहान पुऱ्या लाटून मध्ये पुरण ठेवतात, कडा दाबतात, थोडे लाटतात आणि मग लाटणे बाजूला. पुढचे सगळे काम पंजांवर आणि मनगटांवर. मांडा एका हातावरून दुसऱ्या हातावर फिरत जातो, आपल्याच वजनाने पसरतो आणि दीड-दोन फुटांचा झाला की उपड्या खापरावर टाकतात. उलटायचा, पुन्हा भाजायचा आणि गरम असतानाच घडी घालायची. गार झाल्यावर घडी घालायला गेले की तो मोडतो.

अडचण

एका लग्नाच्या ऑर्डरीत सकाळीच गटाची दोन खापरे तडकली. यजमानांनी चुलीऐवजी हॉटेलात असते तशी मोठ्या दाबाची गॅसभट्टी दिली होती. तिची ज्योत अरुंद आणि जोरदार. खापराच्या मध्यावर एकाच जागी आच लागली, कडा थंड राहिल्या आणि मधून चीर गेली. तिसरे खापर नव्हते. केटररने रुमाली रोटीची उपडी लोखंडी कढई आणून दिली आणि तिच्यावर तीनशेच्या वर मांडे निघाले. पंगत पार पडली. पण मांड्यांवर काळे ठिपके होते, कडा कोरड्या झाल्या होत्या आणि घडीत पुरण ओलसर लागत होते.

लोखंडावर असे का होते? पत्र्यातून आच लगेच आणि जागच्या जागी वर येते. मांड्याचे वरचे कातडे जळते, पण आतल्या पुरणाची वाफ निघायला वेळच मिळत नाही. मातीचे खापर तापायला वेळ घेते, पण तापले की आच सगळीकडे सारखी देते आणि मांड्याचा ओलावा काही प्रमाणात शोषून घेते. भाजणारीला त्यामुळे क्षणभर सवड मिळते. हातावर वाढवलेला मांडा कुठे जाड, कुठे पातळ असतोच. ही सवड नसेल तर पातळ जागा जळतात.

यजमानांनी ठरलेल्या मजुरीतून पैसे कापले. गटातल्या काहींचे म्हणणे पडले की लोखंडी कढईच विकत घ्यावी, एवढ्या तेवढ्याने ती फुटत तरी नाही. वयस्क मांडेकरणींनी साफ नकार दिला. त्यांचे म्हणणे, लोखंडावरची ती पोळी असेल, मांडा नव्हे. आठवडाभर हा वाद चालला.

खापर मिळेना, ते का?

वाद मिटवण्याआधी दोघी जणी नवी खापरे आणायला तालुक्याच्या गावी गेल्या आणि तिथे खरी परिस्थिती समोर आली. आसपास खापर करणारा एकच कुंभार उरला होता, साठीच्या पुढचा. त्याची कमाई पोळ्याचे बैल, दिवाळीच्या पणत्या, उन्हाळ्यातले माठ आणि आखाजीच्या घागरी यांवर. खापर तो कुणी मागितले तर करायचा, आणि यापुढे करायचे नाही असे त्याने ठरवले होते.

त्याची कारणे रास्त होती. माठाचे पाणी गार व्हावे म्हणून त्याची माती सच्छिद्र ठेवावी लागते. खापराला रोज आग सोसायची असते, म्हणून त्याची माती वेगळी मळावी लागते, तीत राख आणि चाळलेली रेती जास्त. चाकावर फक्त सुरुवातीचा आकार येतो. पुढे आतून दगडी गोळा आणि बाहेरून लाकडी थापटी धरून तासन् तास ठोकत त्याचा घुमट वाढवावा लागतो. जाडी सगळीकडे सारखी नसेल तर ते भट्टीतच फुटते, नाहीतर पहिल्याच मांड्याला. वाळवण सावलीत, निदान दोन आठवडे. पावसाळ्यात वाळत नाही आणि वैशाखाच्या उन्हात बाहेरून लवकर वाळून चिरा पडतात. एवढे करून भट्टीतून दहापैकी सहा-सात चांगली निघाली तरी समाधान मानायचे. गिऱ्हाईक मात्र माठाच्याच भावात मागते, आणि मागते तेही आखाजीच्या आठ दिवस आधी, जेव्हा त्याचे घर घागरींनी भरलेले असते.

हे ऐकून आल्यावर गटातला वाद आपोआप बदलला. लोखंड की माती हा प्रश्न मागे पडला. फुटणाऱ्या मालाचा तोटा कुणी सोसायचा, हा प्रश्न पुढे आला. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वळणबिंदू हाच. पारंपरिक पदार्थ जपायच्या बहुतेक प्रयत्नांत पाककृती लिहून काढली जाते, फोटो घेतले जातात, स्पर्धा भरते. भांडे घडवणारा माणूस मात्र कुणाच्या यादीत नसतो.

पर्याय

लोखंडी कढई कायमची स्वीकारणे सर्वांत स्वस्त होते. शहरातल्या प्रदर्शनांत बऱ्याच जणी तेच करतात. पण गटाला मिळणारा भाव खापराच्या मांड्याचा होता. तो वेगळेपणा गेला की हॉटेलातल्या पुरणपोळीशी दराची स्पर्धा करावी लागली असती.

बाजारातल्या मोठ्या माठाचा तळ कापून वापरून पाहिला. दुसऱ्याच दिवशी तो तडकला. गार पाण्यासाठी घडवलेली माती आगीला टिकत नाही.

बाहेरगावाहून खापरे मागवावीत, असाही विचार झाला. वाहतुकीत फुटण्याची भीती होतीच. शिवाय वेगळ्या मातीचे खापर किती तापते याचा अंदाज हाताला नव्याने बसवावा लागतो.

एका हितचिंतकाने भौगोलिक मानांकन घ्या असे सुचवले. जळगावच्या भरीताच्या वांग्याला आणि केळीला ते २०१६ मध्ये मिळाले आहे. तयार गोड पदार्थांतही बिहारच्या सिलाव खाजाला २०१८ मध्ये आणि गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये मिळाले. सूचना चांगल्या मनाने केलेली होती. पण मानांकन नावाचे रक्षण करते. त्यासाठी उत्पादकांची संघटना, जुने पुरावे, पदार्थाचे ठरीव वर्णन एवढे सगळे उभे करावे लागते. अकरा जणींच्या गटाला ते झेपणारे नव्हते, आणि झेपले असते तरी त्यातून एकही खापर आले नसते. तो विचार बाजूला ठेवला, हे योग्यच झाले.

उरला शेवटचा पर्याय. कुंभाराला आगाऊ काम द्यायचे आणि फुटीचा तोटा वाटून घ्यायचा.

कुंभाराशी ठरलेला व्यवहार

वीस खापरांचे काम दिले. दर माठाच्या तिप्पट. निम्मे पैसे माती मळताना, उरलेले भट्टी उघडल्यावर. भट्टीत फुटलेल्या प्रत्येक नगाचा निम्मा दर गटाने द्यायचा. वेळ ठरली दिवाळीनंतर ते होळीच्या आत. त्या महिन्यांत हवा कोरडी असते, ऊन सौम्य असते आणि कुंभाराच्या हातात दुसरे मोठे काम नसते.

पैसे गटाच्या अंतर्गत बचतीतून काढले. यावर गटात ताण आला. मांडे न करणाऱ्या सात जणींना वाटत होते की चौघींच्या कामासाठी सगळ्यांची बचत का अडकवायची. तोडगा असा निघाला की खापरे गटाच्या मालकीची राहतील आणि ज्या ऑर्डरीला वापरली जातील तिच्या मजुरीतून ठरलेला वाटा गटात जमा होईल. हे वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

कुंभाराला पीएम विश्वकर्मा योजनेची माहितीही गटानेच दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतल्या अठरा व्यवसायांत कुंभारकाम आहे, आणि प्रशिक्षण, अवजारांसाठी मदत व कमी व्याजाचे कर्ज त्यातून मिळते. त्याने नोंदणी केली. विजेवरच्या चाकाने पणत्यांचे काम हलके होते. खापराचे फार होत नाही, कारण ते मुळात थापटीचे काम आहे.

भट्टीतून तेरा खापरे चांगली निघाली.

खापर आणि गॅस

नव्या खापरांवर गॅस चालेल का, हा पुढचा निर्णय. मांडेकरणींना लाकूडच हवे होते. पण शहरातल्या सभागृहांत आणि प्रदर्शनांत लाकूड पेटवू देत नाहीत, आणि दिवसभर धुरात बसून त्यांचेच डोळे आणि छाती खराब होत होती. गॅस स्वीकारायचा, पण खापराच्या सोयीने, असे ठरले. करून पाहत जे जमले ते असे :

रुंद कड्याचा, कमी दाबाचा बर्नर. ज्योत खापराच्या मध्यावर न लागता गोलाकार पसरली पाहिजे.

लोखंडी तिवईवर खापर थेट ठेवायचे नाही. टेकण्याच्या तीन जागी लोखंड आधी तापते आणि तिथूनच चीर सुरू होते. तिन्ही जागी ओल्या मातीचे गोळे दाबून त्यावर खापर बसवायचे, चुलीच्या थानांवर (उंचवट्यांवर) बसते तसे.

पहिली वीस मिनिटे अगदी मंद आच. मग दहा मिनिटे मध्यम. पाण्याचा थेंब शिंपडला की तो नाचत उडून गेला पाहिजे. नुसता शोषला गेला तर अजून तापायचे आहे. ही परीक्षा एका थेंबाची. तापलेल्या खापरावर ओले फडके फिरवणे म्हणजे ते हाताने फोडणे. पुसायचे ते कोरड्या सुती फडक्याने.

काम संपल्यावर बर्नर बंद करून खापर जागेवरच गार होऊ द्यायचे. उचलून थंड फरशीवर ठेवलेली दोन खापरे पहिल्याच हंगामात गेली.

सपीट की मैदा

खापराचा प्रश्न मार्गी लागताना दुसरी गोष्ट उघड झाली. काही वर्षांपासून गट दुकानचा मैदा वापरत होता, कारण गिरणीवाला ओलसर गहू घेत नव्हता. त्याचे म्हणणे, दगडाला पीठ चिकटते आणि नंतरच्या गिऱ्हाईकाचे दळण खराब होते. मैद्याचा मांडा हातावर छान वाढतो, पण गार झाला की चिवट होतो, आणि गव्हाचा वास त्याला नसतो.

गिरणीवाल्याशी बोलून शनिवारची शेवटची पाळी ठरवली. आपले दळण झाले की दगड झाडून द्यायचा, ही अट गटाने मान्य केली. गव्हाची ओल किती हवी तेही पक्के केले. मूठ दाबून उघडली की दाणे सुटे पडावेत, तळहाताला ओल लागावी पण पाणी दिसू नये. दाताखाली दाणा कडक लागावा. हिवाळ्यात आठ ते दहा तास दडपणे ठीक. चैत्र-वैशाखात सहा तासांच्या पुढे गेले की आंबूस वास येऊ लागतो.

गव्हाबाबत एक चूक मात्र महागात पडली. आखाजी येते ती नवा गहू घरात आल्यावर लगेच. नव्या लोकवन जातीच्या गव्हाचे सपीट तार धरत नव्हते, मांडे हातावरच फाटत होते. जुन्या मांडेकरणी मागच्या सालचा गहू राखून ठेवत, ते यासाठीच. दुसऱ्या वर्षापासून गटाने दोन पोती जुना गहू बाजूला ठेवला. कधी कमी पडले तर सपिटात चौथा हिस्सा मैदा मिसळायचा आणि गिऱ्हाईकाला तसे सांगायचे, असेही ठरले. जुन्या मंडळींना हे रुचले नाही. तरी निर्णय व्यवहार्य होता.

शिकवायचे कुणाला

सुरुवातीला शहरात दोन दिवसांची शुल्क घेऊन कार्यशाळा घेतली. गर्दी झाली, पैसे मिळाले, कौतुक झाले. त्यातून मांडेकरीण एकही तयार झाली नाही, आणि होणारही नव्हती. मांडा हाताला बसायला एक हंगाम लागतो.

मग गावातल्याच दोन तरुण सुनांना घेतले आणि पहिल्या दिवसापासून निम्मी मजुरी दिली. हे पैसे देणे कळीचे ठरले. केळीच्या बागेत किंवा कापूस वेचायला गेले तर त्यांना रोज मिळतो. तो बुडवून फुकट शिकायला घरचे पाठवत नाहीत. आधी एक महिना फक्त सपीट आणि कणीक. मग पुरण न भरता नुसती पुरी हातावर वाढवणे. मग निम्मे पुरण. खापरावर टाकायचे काम सर्वांत शेवटी, कारण तिथे चूक झाली तर मांडा आणि हात दोन्ही भाजतात. दुपारी कणीक मुरत असताना वयस्क बायका आखाजीची गाणी म्हणायच्या. ती शिकवायची असे कुणी ठरवले नव्हते, पण दोघींना बरीचशी पाठ झाली.

निष्पत्ती

दोन आखाज्या उलटल्यानंतर तेरापैकी सात खापरे वापरात होती. दोघींपैकी एक सून पूर्ण मांडा करू लागली. दुसरी नवऱ्याच्या नोकरीपायी सुरतेला गेली. दर वाढवल्यावर जुन्या दोन केटररांनी काम देणे बंद केले. त्या जागी घरगुती ऑर्डरी आल्या, आकाराने लहान पण भाव न पाडणाऱ्या. गटाने अन्नसुरक्षेची मूळ नोंदणी केली. गोठवलेले मांडे पुरवण्याची एका व्यापाऱ्याची मागणी त्यांनी नाकारली, कारण मांड्याची घडी गरम असतानाच ताटात पडायला हवी. पुरणाचा प्रश्नही होता. वैशाखात सकाळचे पुरण रात्री आंबते, म्हणून ते ऑर्डरीच्या दिवशीच शिजवतात.

कुंभाराने दुसऱ्या वर्षीही खापरे केली. त्याचा पुतण्या माती मळायला आणि भट्टी रचायला येतो. थापटी अजून त्याने हातात घेतलेली नाही.

वेगळे काय करता आले असते

शिकाऊ मजुरी जशी सुनांना दिली तशीच कुंभाराच्या पुतण्याला पहिल्याच वर्षी द्यायला हवी होती. गटाने खापरे विकत घेतली, खापर घडवण्याची विद्या मात्र अजून एकाच माणसाच्या हातात आहे. आजची सर्वांत मोठी जोखीम तीच.

दर ठरवताना जाडी आणि घेर लिहून घेतला नव्हता. वीसपैकी काही खापरे घेराने लहान आली आणि त्यांवर मोठा मांडा बसत नाही. जुन्या चांगल्या खापराचा घेर दोरीने मोजून ती दोरीच कुंभाराला द्यायला हवी होती.

कार्यशाळेवर खर्च झालेला वेळ गिरणी आणि गहू यांवर आधी घातला असता तर पहिली आखाजी वाया गेली नसती. आणि दोनच सुनांवर भिस्त ठेवण्यापेक्षा तिघी-चौघी घ्यायला हव्या होत्या, कारण गाव सोडून जाणे हे तरुण कुटुंबांत चालूच राहणार.

मातीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कुंभार ज्या तळ्याच्या काठची माती आणतो तिथला गाळ आता शेतकरी ट्रॅक्टरने नेतात. त्या काठाचा एक तुकडा कुंभारकामासाठी राखून ठेवावा, असा अर्ज गटाने ग्रामसभेकडे दिला आहे. पुढच्या वीस खापरांची माती दिवाळीआधी चाळून मुरायला टाकावी लागेल, त्यामुळे निर्णय पावसाळ्यातल्याच सभेत होणे गरजेचे आहे.